काडतूस व कोठा : सातारा-सांगली परिसरातील इतिहास

काडतूस व कोठा : गोळी, ती फेकणारी दारू आणि दारू पेटविणारी टोपी ही तिन्ही एकाच पुंगळीत बसविली म्हणजे काडतूस तयार होते. बंदुकीच्या नळीच्या मागील टोकास काडतुसाच्या आकाराची जी पोकळी कोरलेली असते, तीस कोठा किंवा चेंबर म्हणतात. काडतूस कोठ्यात सहज जावे, बार झाल्यावर त्याने कोठा घट्ट बंद करावा आणि लगेच सैल होऊन बाहेर यावे, अशा तीन परस्परविरोधी अपेक्षा त्याच्याकडून असतात. त्या एका बोटाच्या केसापेक्षाही कमी अंतरावर अवलंबून असल्याने मापात थोडा फरक पडला, तरी काडतूस अडकते. हाताने पुन्हा भरलेल्या काडतुसांत हा दोष विशेष आढळतो. सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतील इतिहासात या तांत्रिक बाबीला राजकीय अर्थही प्राप्त झाला. बंदूक गावात राहू शकली, पण तिचे काडतूस गावात होऊ शकले नाही. शस्त्रांवरील सत्ता त्यामुळे बंदूक ज्याच्या हाती आहे त्याच्याकडून काडतूस ज्याच्या कारखान्यात होते त्याच्याकडे गेली.

ठासणीच्या बंदुका : मराठेशाहीच्या काळात या प्रदेशात तोड्याच्या व पुढे चकमकीच्या बंदुका प्रचारात होत्या. त्या तोंडाकडून ठासून भरीत. दारूचे शिंग, शिशाच्या गोळ्या, चिंधी आणि गज एवढ्या साहित्यावर बंदूक चालत असे. सोरा, गंधक व लोणारी कोळसा यांपासून दारू होई आणि शिशाची गोळी साच्यात ओतता येई. गोळी नळीपेक्षा बरीच लहान असल्याने मापाचा प्रश्न चिंधीने सुटे. एका बंदुकीची गोळी दुसऱ्या बंदुकीस चालली नाही, तर ती ठोकून किंवा पुन्हा ओतून घेता येई. नळीत बार अडकला, तर गजाच्या टोकास स्क्रू लावून तो काढीत. अशा बंदुकीचा पल्ला व नेम बेताचाच असला, तरी तिचा पुरवठा कोणत्याही दूरच्या कारखान्यावर अवलंबून नव्हता. लोहार, शिकलगार व दारू करणारे कारागीर जेथे असत, तेथे ती जिवंत राही. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील किल्ल्यांचे शिबंदीदार आणि रामोशी पहारेकरी यांच्या हाती असलेल्या बंदुका याच प्रकारच्या होत.

चरबीचे काडतूस व १८५७ : अडकण्याचा प्रश्न प्रथम नळीच्या तोंडाशी उद्‌भवला. नळीत पेचदार आटे पाडले, म्हणजे गोळीला फिरकी मिळते व नेम सुधारतो. मात्र गोळी नळीच्या मापास जितकी जवळ असेल, तितकी ती ठासणे कठीण जाते आणि काही बारांनंतर जळक्या दारूचा मळ साचल्याने ती मध्येच अडकते. १८५३ च्या एन्फील्ड रायफलीसाठी कागदी काडतूस करताना त्याचे गोळीकडील टोक वंगणात बुडवीत, ते गोळी सुलभतेने खाली उतरावी म्हणून. हे काडतूस दातांनी फाडावे लागे. वंगणात गाय व डुक्कर यांची चरबी आहे, या बातमीने बंगालच्या पलटणींत जो क्षोभ उसळला, त्याची परिणती १८५७ च्या उठावात झाली. उठावाची कारणे अनेक असली, तरी त्याला निमित्त झालेले वंगण हे गोळी अडकू नये या अगदी साध्या यांत्रिक गरजेतून आले होते.

सातारचे राज्य लॉर्ड डलहौसीने १८४८ मध्ये दत्तक वारस नामंजूर करून खालसा केले होते. पदच्युत छत्रपती प्रतापसिंह यांची बाजू मांडण्यासाठी अनेक वर्षे लंडनमध्ये राहिलेले रंगो बापूजी गुप्ते यांनी साताऱ्यात उठावाची जी जुळवाजुळव केली, ती १८५७ च्या जूनमध्ये उघडकीस आली. रंगो बापूजी निसटले व पुढे त्यांचा शोध लागला नाही. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्यात सतरा जणांना देहान्ताची शिक्षा देण्यात आली. त्यांपैकी काहींना तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्याआधी ३१ जुलै रोजी शेजारच्या कोल्हापुरात मुंबई लष्कराच्या सत्ताविसाव्या पलटणीने उठाव केला होता. या घटनांनंतर दक्षिण महाराष्ट्रात लोकांकडील शस्त्रे काढून घेण्याची मोहीम सुरू झाली. दक्षिण मराठा संस्थानांत तिच्याविषयी तीव्र असंतोष होता. १८५८ मधील नरगुंदच्या उठावामागील कारणांत त्याचीही गणना होते. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत झालेल्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने शस्त्र व दारूगोळा बाळगणे, विकणे व तयार करणे या सर्वांसाठी परवाना आवश्यक ठरला.

धातूचे काडतूस : याच सुमारास बंदुकीची रचना मुळातून बदलली. ती मागून भरता येऊ लागली आणि कागदाची जागा धातूच्या पुंगळीने घेतली. इंग्लंडमध्ये १८६६ पासून जुन्या एन्फील्ड रायफली स्नायडर पद्धतीने बदलण्यात आल्या व त्यांच्यासाठी वुलिच येथील कर्नल बॉक्सर याने पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेले काडतूस तयार केले. १८७१ मध्ये स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीतही असेच गुंडाळीचे काडतूस वापरीत. ही पुंगळी स्वस्त होती, पण दुबळी. नळी तापली, मळ किंवा वाळू कोठ्यात शिरली की पत्रा सुरकुतून कोठ्याला चिकटे आणि मागे खेचणारा आकडा तिचे बूड तेवढे तोडून आणी. सुदानमधील अबू क्ली येथे १७ जानेवारी १८८५ रोजी झालेल्या लढाईत ऐन हातघाईच्या वेळी रायफली अडकल्या, त्याची ब्रिटनमध्ये मोठी चर्चा झाली. अमेरिकेत १८७६ मधील लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टरच्या तुकडीच्या पराभवाचे खापर तांब्याच्या मऊ पुंगळ्यांवर फोडण्यात आले. मात्र १९८० नंतरच्या दशकात तेथे झालेल्या उत्खननात पुंगळी उचकटल्याच्या खुणा थोड्याच पुंगळ्यांवर आढळल्या. शस्त्राचा दोष हा पराभवाचा सोयीस्कर खुलासा ठरतो, हे या उदाहरणावरून दिसते.

या अनुभवांतून एकसंध पितळाच्या चकतीपासून दाबयंत्राने ओढून केलेली पुंगळी सर्वमान्य झाली. तिच्या पितळात सामान्यतः ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. अशी पुंगळी करण्यास चकती ओढणारी यंत्रे, प्रत्येक ओढीनंतर पितळ तापवून मऊ करण्याची सोय आणि अचूक मापके लागतात. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ मध्ये स्थापन झालेला दारूगोळा कारखाना व कलकत्त्याजवळील डमडम येथील कारखाना यांतून हिंदुस्थानातील लष्कर व पोलीस यांना काडतुसे मिळत. खडकीच्या काडतुसाच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरे ठोकलेली असत. त्यामुळे पुंगळी कोठे तयार झाली, हे ती कोठेही सापडली तरी ओळखता येई. साताऱ्याहून सु. शंभर किमी. अंतरावरील या कारखान्याने ठासणीच्या बंदुकीचा गावोगावचा पुरवठा एका तटबंदीत आणून ठेवला, असे म्हणता येईल.

पुंगळीचे कार्य : बार होताच वायूच्या दाबाने पुंगळी फुगते व कोठ्याच्या भिंतीस चिकटून वायूला मागे येऊ देत नाही. दाब ओसरला, की पितळाच्या स्थितिस्थापकतेमुळे ती किंचित आकसते. या आकसण्याने जी पोकळी निर्माण होते, तिच्यामुळेच पुंगळी मोकळी होते. दाब मर्यादेबाहेर गेला, तर पितळ कायमचे ताणले जाते. उलट पोलादी कोठा पूर्ववत आकसून त्याला आवळून धरतो. पितळ फार मऊ असेल, तरी हेच घडते. फार कडक असेल, तर ते तडकते. प्रत्येक वापरात पितळ थोडे कडक होते आणि मानेकडे सरकून लांबते. एकदा वापरलेली पुंगळी ही त्या एका विशिष्ट बंदुकीच्या कोठ्याचा जणू ठसा असते. दुसऱ्या बंदुकीत ती बसेलच असे नाही.

दोषांचे निदान : पुन्हा भरलेले काडतूस अडकले असता ते कोणत्या टप्प्यात अडकले, हे प्रथम पाहावे लागते. काडतूस पुरते आत जात नसेल, तर पुंगळीचे अंग मूळ मापावर आणलेले नाही, तिचा खांदा पुढे राहिला आहे किंवा गोळी बसविताना अधिक जोर लागल्याने खांद्याखाली फुगीर वळ उठला आहे, असे समजावे. मान लांबली असेल, तर ती कोठ्याच्या पुढील कडेवर आदळते. अशा वेळी जोराने बोल्ट बंद केल्यास मान गोळीला आवळते आणि बार होताना दाब धोकादायक रीतीने वाढतो. म्हणून या दोषात काडतूस आत बसले, तरी तो दोष नाहीसा झाला असे होत नाही.

काडतूस आत गेले, पण न उडविता परत निघत नसेल, तर गोळी बहुधा फार बाहेर बसविलेली असते व ती आट्यांत रुतते. बोल्ट ओढल्यावर गोळी नळीतच राहून पुंगळी तेवढी निघते आणि दारू यंत्रणेत सांडते. बार झाल्यानंतर पुंगळी निघत नसेल, तर दाब अधिक होणे, कोठा गंजलेला, खरबरीत किंवा तेलकट असणे, पितळ अयोग्य असणे, कडा झिजलेली असणे अथवा आकडा बोथट होणे, ही कारणे तपासावी लागतात. टोपी चपटी होऊन बुडावर पसरली असेल, तर दाबाचा संशय बळावतो. एकाच बंदुकीत सर्व काडतुसे अडकत असतील, तर दोष कोठ्यात असण्याचा संभव अधिक. कारखान्याची काडतुसे नीट चालून पुन्हा भरलेली तेवढी अडकत असतील, तर तो पुंगळीत किंवा भरण्याच्या पद्धतीत असतो.

घर्षणाची जागा शोधण्यासाठी बंदूककारागीर दारू व टोपी नसलेल्या पुंगळीवर दिव्याची काजळी धरीत व ती कोठ्यात सरकवून बाहेर काढीत. जेथे काजळी पुसली जाऊन पितळ चमके, तेथे माप चुकले असे ठरे. भरलेले काडतूस अडकल्यास मात्र बोल्टवर हातोडी मारणे किंवा तोंडाकडून गज ठोकणे हे प्राणघातक ठरू शकते. नळी निर्जन दिशेला ठेवून ती बंदूक जाणत्या कारागिराकडे सोपविणे, हाच सर्वत्र मानलेला नियम होय.

मापातील सूट व सैनिकांचा अनुभव : १८८८ पासून ब्रिटिश लष्करात .३०३ इंच मापाची रायफल आली. तिच्या पुंगळीची लांबी सु. ५६ मिमी. असून तिला बुडाशी उंच कडा असते व त्या कडेवर ती कोठ्यात टेकते. ली-एन्फील्ड रायफलीचा कोठा चिखलमातीतही चालावा, म्हणून सढळ मापाने कोरीत. त्यामुळे ती सहसा अडकत नसे. परंतु पुंगळी अधिक ताणली जाऊन पुन्हा भरण्यास लवकर निकामी होई. याउलट कॅनडाच्या रॉस रायफलीचा कोठा तंग होता. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या दुसऱ्या लढाईत ब्रिटिश बनावटीची, नावाने त्याच मापाची काडतुसे तिच्यात अडकू लागली आणि सैनिकांना बुटाच्या लाथांनी बोल्ट उघडावे लागले. पुढे ती रायफल आघाडीवरून काढून घेण्यात आली. काडतूस व कोठा यांपैकी कोणतेही एक स्वतंत्रपणे बरोबर किंवा चूक नसते, हे या प्रकरणाने स्पष्ट केले.

सातारा जिल्ह्यातून पहिल्या महायुद्धात मोठी सैन्यभरती झाली. अपशिंगे या गावातील ४६ जण त्या युद्धात कामी आले आणि ते गाव पुढे ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावानेच ओळखले जाऊ लागले. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात पडलेल्या कूत-अल्-अमाराच्या वेढ्यात त्या होत्या. युद्धातून परतलेल्या सैनिकांमुळे रायफल कशी उघडावी व स्वच्छ ठेवावी, याचे ज्ञान या भागातील खेड्यांत पोहोचले. शस्त्र कायद्यामुळे रायफल मात्र पोहोचली नाही. वायव्य सरहद्दीवर याउलट स्थिती होती : तेथील टोळ्या वापरलेल्या पुंगळ्या वेचून त्या पुन्हा भरीत आणि दऱ्या आदमखेलसारख्या ठिकाणी कारागीर हाताने रायफली बनवीत. सातारा-सांगलीकडे असा धंदा उभा राहिला नाही. त्याचे कारण कौशल्याचा अभाव हे नव्हे. १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडलजवळ वसलेल्या किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर व इतर शेतीची यंत्रे तयार होत होती. उणीव होती ती परवान्याची व पितळ ओढणाऱ्या खास यंत्रांची.

शिकारीची काडतुसे व पावसाळा : परवानाधारकांच्या बारा बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीस बराच काळ कागदी पुंगळीची काडतुसे लागत. ती पुन्हा भरण्याची चाल सर्वत्र होती. महाबळेश्वर, जावळी, पाटण व शिराळा या अतिवृष्टीच्या डोंगरपट्ट्यांत दमट हवेने कागद फुगे व काडतूस कोठ्यात शिरत नसे, किंवा शिरल्यास बाहेर निघत नसे. पितळी बुडापासून कागद सुटून आतच राही. त्यासाठी काडतुसे मेण लावून बंद डब्यात ठेवीत. पुढे प्लॅस्टिकची पुंगळी आल्यावर हा दोष बहुतांशी संपला. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण अधिनियमानंतर शिकारीस बंदी आली व अशा काडतुसांची गरजही ओसरली. ज्या रानात पूर्वी शिकार चाले, त्यांपैकी बराच भाग आता कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडतो.

प्रतिसरकारचा काळ : काडतुसाच्या पुरवठ्याचा राजकीय अर्थ १९४२ नंतर उघड झाला. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात सध्याच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग समाविष्ट होता. ३ सप्टेंबर १९४२ रोजी तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला. वडूज येथे ९ सप्टेंबरला व इस्लामपूर येथे १० सप्टेंबरला निःशस्त्र मोर्चांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यांत अनेकजण हुतात्मे झाले. या अनुभवानंतर चळवळ भूमिगत झाली. नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले व जी. डी. लाड यांच्या पुढाकाराने तुफान सेना संघटित झाली. न्यायदान मंडळे, दारूबंदी, गावगुंडांचा बंदोबस्त व साधे विवाह ही प्रतिसरकारची मुख्य कामे होती. शस्त्रे ही त्यांच्या संरक्षणापुरती होती.

ही शस्त्रे मिळविण्याचे मार्ग थोडे होते. २४ जुलै १९४३ रोजी सांगलीच्या तुरुंगातून वसंतदादा पाटील व त्यांचे सहकारी पहारेकऱ्यांच्या बंदुका हस्तगत करून तट ओलांडून बाहेर पडले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव हे मारले गेले आणि वसंतदादा गोळी लागून जखमी झाले. नागनाथ नायकवडी यांनी गोव्याकडून शस्त्रे मिळविण्याचा प्रयत्न केला. पुढे आझाद हिंद सेनेतील सैनिकांकडून कार्यकर्त्यांना शिक्षण देण्यात आले. परंतु हस्तगत केलेल्या रायफलीबरोबर जेवढी काडतुसे येत, तेवढेच तिचे आयुष्य असे. ठासणीच्या बंदुकीप्रमाणे तिला गावच्या दारूवर चालविता येत नव्हते. एका मापाचे काडतूस दुसऱ्या मापाच्या कोठ्यास निरुपयोगी होते आणि पुंगळी पुन्हा भरावी, तर योग्य टोपी, निर्धूर दारू व साचे कोठून आणावेत, हा प्रश्न होता. पोलिसांच्या बाजूस मात्र खडकीचा अखंड पुरवठा होता. अशा विषम स्थितीत प्रतिसरकार १९४६ पर्यंत टिकले, ते बंदुकीच्या बळावर नव्हे. घरोघरी मिळणारा आसरा, निरोप पोहोचविणारी माणसे व न्यायदानामुळे मिळालेला विश्वास यांवर ते उभे होते. चळवळीच्या लोकाधाराची ही कसोटी काडतुसांच्या टंचाईनेच घेतली, असे म्हणावे लागते.

स्वातंत्र्योत्तर काळ : १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. १८७८ च्या कायद्याची जागा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने घेतली. दारूगोळ्याच्या निर्मितीस या अधिनियमानुसारही परवाना लागतो. त्यामुळे परदेशांत छंद म्हणून रूढ असलेले घरगुती काडतूसभरण येथे मोकळेपणाने करता येत नाही. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे १९६४ मध्ये लघुशस्त्रांच्या काडतुसांचा आणखी एक कारखाना निघाला. ऑक्टोबर २०२१ पासून खडकी व वरणगाव हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहेत.

१९५९ च्या अधिनियमाच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणाची खरी गरज असणाऱ्यास ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद आहे. रानडुकरांचा उपद्रव असलेल्या डोंगरी भागातील शेतकऱ्यांच्या दृष्टीने ती महत्त्वाची ठरते. काडतुसाविना चालणारी, मापाची फारशी तमा न बाळगणारी बंदूक शेतकऱ्याच्या हाती देण्यास राज्यसंस्थेला फारशी अडचण वाटत नाही. अचूक मापाच्या पितळी काडतुसावर चालणारी रायफल मात्र ती आपल्या नियंत्रणाखाली ठेवते. कोठा आणि पुंगळी यांच्यातील सूक्ष्म अंतराने दीड शतकापूर्वी जो फरक निर्माण केला, तो कायद्याच्या भाषेत अशा रीतीने आजही टिकून आहे.